सरकारी इमारतींच्या काचा साफ करायच्या, रेट कसा काढायचा? (रोप वर्क, पुणे)

पिंपरीचा_काचवाला

नमस्कार मंडळी. आमचं काम आत्तापर्यंत सगळं प्रायव्हेट, हिंजवडी-बाणेर साइडच्या कंपन्या आणि दोनचार मोठ्या सोसायट्या, रोपवर पोरं उतरवून बाहेरच्या काचा आणि एसीपी (अॅल्युमिनियमचे पॅनल) धुऊन देतो. तिथे रेट सरळ आहे, स्क्वेअर फुटाला ५ रुपये सांगायचे, घासाघीस होऊन साडेचारला सुटतं, महिन्या-दीड महिन्यात पैसे येतात.

आता दोन सरकारी कामं समोर आलीत आणि डोकं चालेनासं झालंय. पहिलं काम एका केंद्र सरकारच्या कंपनीच्या रिजनल ऑफिसचं, तळ अधिक आठ मजले, पुढे पूर्ण ग्लास, मागच्या बाजूला स्लायडिंग खिडक्या आणि प्रत्येक खिडकीखाली एसीचं आउटडोअर युनिट लटकवलेलं. जेमवर (केंद्र सरकारचं ऑनलाइन खरेदी पोर्टल) बिड आहे, दोन वर्षं, दर तीन महिन्यांनी आतून बाहेरून दोन्हीकडून साफ, आणि भरायची फक्त एक रक्कम, पूर्ण दोन वर्षांची. दुसरं काम महापालिकेच्या हॉस्पिटलचं, जुनी चार मजली इमारत, ते महाटेंडर्सवर (राज्याचं निविदा पोर्टल) आहे आणि चौरस मीटरचा दर मागितलाय.

एक मित्र म्हणतो सरकारी काम मोठं असतं, दोन वर्षं डोक्याला ताप नाही, २० टक्के कमी भर. दुसरा म्हणतो पेमेंट वेळेवर येत नाही, ४० टक्के चढवून भर. दोघांनीही स्वतः एकही सरकारी काम केलेलं नाही हे वेगळं सांगायला नको 😅 आणि मागच्या वेळचा L1 (सगळ्यात कमी रक्कम भरणारा) बघितला तर त्याने हिशोबाने स्क्वेअर फुटाला दोन रुपयांच्या आसपास भरलेलं, ते कसं जमतं? जीएसटीचं पण कोणी म्हणतं लागतो कोणी म्हणतं लागत नाही. ज्यांनी केलंय त्यांनी जरा नीट सांगा, फोनवर कोणी धड सांगत नाही.

दोरी_आणि_वायपर (नागपूर)

भाऊ, २० टक्के कमी आणि ४० टक्के जास्त हे दोन्ही डोक्यातून काढून टाका. प्रायव्हेटचा रेट हा कशाच्या वर किंवा खाली जायचा आधारच नाही इथे. तिथे तुमचा ५ रुपये रेट बसतो कारण पोराला रोज काय द्यायचं ते तुम्ही आणि तो ठरवता. सरकारी कामात मजुरीचा तळ सरकारनेच ठरवून ठेवलेला आहे आणि बिलासोबत पीएफचं चलन, ईएसआयचं (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) चलन, बँकेतून पगार गेल्याचा पुरावा लावल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. त्यामुळे आधी माणसाचा दिवस किती रुपयांना पडतो ते काढा, मग एका दिवसात किती काच होते ते काढा, फुटाचा रेट त्यातून शेवटी निघतो.

केंद्राच्या कंपनीचं काम म्हणजे केंद्राचं किमान वेतन लागेल, राज्याचं नाही. पुणे आणि आमचं नागपूर दोन्ही त्यात 'ए' एरियात येतात. ऑक्टोबर २०२४ चे आकडे माझ्या तोंडपाठ आहेत म्हणून तेच धरतो, झाडलोट-सफाईच्या वर्गात अकुशल ७८३ रुपये रोज, अर्धकुशल ८६८, कुशल ९५४. दर एप्रिल आणि ऑक्टोबरला व्हीडीए (महागाईप्रमाणे बदलणारा भत्ता) बदलतो तेव्हा भरताना चालू आदेश काढून घ्या, हे आकडे जसेच्या तसे उचलू नका.

आता रोपवर लटकणाऱ्या पोराला अकुशल दाखवायचं नाही, तो कुशलच. ९५४ गुणिले २६ म्हणजे महिन्याला २४,८०४. इथे एक गोष्ट भलेभले विसरतात. ईएसआयची पगाराची मर्यादा महिन्याला २१,००० आहे, म्हणजे हा पोरगा ईएसआयमध्ये बसतच नाही! आणि नेमका तोच नवव्या मजल्याच्या पॅरापेटवरून खाली उतरणार. त्याच्यासाठी कामगार भरपाईची वेगळी पॉलिसी काढावी लागते, आणि उंचीवरच्या कामाचा उल्लेख त्या पॉलिसीत स्पष्ट पाहिजे, नुसती हाउसकीपिंगची पॉलिसी काढून ठेवली तर क्लेमच्या वेळी बोंब. खालचा हेल्पर ७८३ ने २०,३५८ वर येतो म्हणून ईएसआयमध्ये आहे, पण व्हीडीए थोडा चढला की तोही बाहेर जाईल, ते पण लक्षात ठेवा.

हिशोब असा मांडा. रोपवाला ९५४, पीएफ १५,००० च्या मर्यादेवर मालकाचा हिस्सा आणि इतर चार्जेस मिळून १३ टक्के म्हणजे महिन्याला १,९५०, रोजचे ७५. पॉलिसी, रजेवरचा बदली माणूस, बूट-हेल्मेट धरून ११०० रुपये पकडा. हेल्पर ७८३, पीएफ ७५, ईएसआय सव्वातीन टक्के म्हणजे २५, बोनस ८.३३ टक्के म्हणजे ६५, झाले साधारण ९५०. टीम कशी? तीन पोरं रोपवर, एक अनुभवी माणूस वर गच्चीवर अँकर आणि गाठी बघायला (हा माणूस वाचवायचा नाही, कधीच नाही), दोन हेल्पर खाली बॅरिकेडिंग आणि बादल्यांना. म्हणजे ४४०० अधिक १९००, ६३०० नुसते माणसांचे. दोऱ्यांची झीज, केमिकल, मायक्रोफायबर, टेम्पो, चहापाणी मिळून १२०० धरले तर ७५००. त्यावर ऑफिस खर्च आणि तुमचा नफा मिळून २० टक्के. दिवस पडला ९००० रुपयांना, जीएसटी सोडून.

आता गंमत पाहा. पुढची सपाट ग्लास, वरून खाली एका रेघेत उतरायचं, एक पोरगा दिवसाला ७०० फूट सहज करतो असं धरू, तिघांचे २१००. फुटाला सव्वाचार रुपये. मागची बाजू, एसीची युनिटं, कबुतरांच्या जाळ्या, दर दोन मीटरला रोप सरकवा, तिथे तोच पोरगा ४०० वर अडकला तर तिघांचे १२०० आणि रेट झाला साडेसात. काच तीच, इमारत तीच. म्हणून मी एकच सरासरी रेट कधी डोक्यात ठेवत नाही, भिंतीभिंतीचा वेगळा काढतो आणि मग बेरीज करतो.

दोन रुपयांचं विचारलंत. एकच दोरी (सुरक्षेची दुसरी नाही), कधी कधी परांची, पीएफ नाही, चारपैकी दोनच फेऱ्या. आणखी काय सांगू.

हिंजवडी_फॅसिलिटी

सरकारी कामाच्या नादी लागू नका हा माझा सल्ला. चांगलं चाललंय ते चालू द्या. मी एक करून बघितलं, मार्चमध्ये बजेट संपलं म्हणून बिल पुढच्या वर्षात ढकललं, मग पुढच्या वर्षी साहेब बदलले, नवीन साहेबांना फाइलच सापडेना.

निवृत्त_जेई

वरची तक्रार खोटी नाही, पण नादी लागू नका हा काही सल्ला होत नाही. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होतो, एका निमसरकारी ठिकाणी इमारत देखभाल बघायचो, तेव्हा आमच्याकडून रक्कम कशी ठरते ते सांगतो म्हणजे तुम्हाला भरताना अंदाज येईल.

बांधकामाच्या आयटमला दरसूची असते, प्लास्टर, रंग, टाइल्स, सगळ्याचा दर छापलेला. काच सफाईचा, त्यातही रोपवरून, असा आयटम बहुतेक वेळा हाताशी नसतो. मग अंदाजपत्रक करणारा काय करतो, तीन बजेटरी कोटेशन मागवतो किंवा मागच्या वर्षीचा करार काढून त्यावर ५-१० टक्के चढवतो. मागचा करार जर त्या दोन रुपयेवाल्याचा असेल तर अंदाजपत्रकच मुळात खोटं असतं आणि तुम्ही कितीही प्रामाणिक हिशोब केला तरी ते तुम्हाला महागच म्हणणार. म्हणून पहिलं काम, अंदाजित रक्कम बघा आणि तुमचा हिशोब तिच्यापासून किती लांब जातोय ते बघा. पंधरावीस टक्के वर असाल तर भरायला हरकत नाही, दुप्पट निघत असेल तर वेळ घालवू नका. मात्र ऑफिसला एक पत्र जरूर द्या की किमान वेतन धरून ही रक्कम येतच नाही, खाली तुमचं रेट अॅनालिसिस जोडा. लोकांना वाटतं अशी पत्रं कचऱ्यात जातात, पण ऑडिटच्या भीतीने ती फाइलला लागतात आणि पुढच्या अंदाजपत्रकाच्या वेळी कुणीतरी ती उघडतं. आणि हे लक्षात असू द्या की कंत्राटदाराने मजुरी बुडवली किंवा अपघातात भरपाई दिली नाही तर जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे ऑफिसवरच येते. हे वाक्य प्री-बिड मीटिंगमध्ये (निविदा भरण्याआधीची बैठक) नम्रपणे, पण सगळ्यांसमोर बोलायचं. साहेब लोकांचं लक्ष तिथे चटकन जातं.

प्री-बिडला काय विचारायचं ते सांगतो, आणि तोंडी नाही, लेखी, म्हणजे उत्तर शुद्धिपत्रकात येतं. काचेचं क्षेत्रफळ फ्रेमसकट की फ्रेम सोडून. दोन्ही बाजू साफ करायच्या असतील तर मोजमाप एकदा धरणार की दोनदा. हे एक वाक्य अख्खं काम अर्ध्या पैशात घालवू शकतं, कारण बिलाच्या वेळी मोजमाप पुस्तकात लिहिणारा माणूस खिडकीची लांबी गुणिले रुंदी करून मोकळा होतो. पाणी आणि वीज ऑफिसची की तुमची. गच्चीवर अँकर आहेत का, नसतील तर भोक पाडायची परवानगी देणार का (वॉटरप्रूफिंगवाला आडवा येतो). जाळ्या, बॅनर, फ्लेक्स कोणी काढायचे. सरकारी इमारतीवर कुठला ना कुठला फ्लेक्स लटकलेला असतोच आणि तो सोडायला सांगितलं की कोणाचा आहे तेच कुणाला माहीत नसतं.

आतल्या बाजूचं वेगळंच प्रकरण. राज्य सरकारची ऑफिसं २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांची झाली, केंद्राची आधीपासूनच आहेत, म्हणजे शनिवार-रविवार मोकळा मिळतो असं वाटतं. पण खोल्या उघडणार कोण? शिपाई सुट्टीवर, किल्ली साहेबांकडे, टेबलावर फायली, खिडकीत कुंड्या आणि देवाचा फोटो. शनिवारी माणसं पाठवून अर्ध्या खोल्या बंद म्हणून परत यायची वेळ येते आणि त्या दिवसाचे पैसे तुमच्याच खिशातून. अट मागून घ्या की ऑफिस एक माणूस हजर ठेवेल आणि बंद राहिलेल्या खोल्यांची नोंद त्याच्या सहीने होईल.

काम सुरू करण्याआधी संयुक्त पाहणी करा. तडकलेल्या काचा, गळणारे सीलंट, आधीचे सिमेंट-रंगाचे डाग, सगळ्याचे तारखेसह फोटो आणि दोघांच्या सह्या. नाहीतर दहा वर्षांपूर्वी तडकलेली काच तुमच्या बिलातून कापली जाईल.

पात्रतेचं पण बघून घ्या. बऱ्याच निविदांत तशाच प्रकारच्या कामाचा अनुभव मागतात, अंदाजित रकमेच्या ८० टक्क्यांचं एक काम किंवा ५० टक्क्यांची दोन किंवा ४० टक्क्यांची तीन. तुमची प्रायव्हेट कामं चालतात का हे अटीत वाचा, चालत असतील तर वर्कऑर्डर आणि पूर्णत्वाच्या दाखल्यासोबत टीडीएसचा पुरावा मागतात. काही लोक पहिला सरकारी दाखला मिळावा म्हणून मुद्दाम तोट्यात भरतात, दोन रुपयांचं ते पण एक कारण असू शकतं. मला ते कधी पटलं नाही, तोट्यात घेतलेल्या कामाचा दाखला द्यायच्या वेळेपर्यंत ऑफिस आणि कंत्राटदार एकमेकांशी बोलायचे बंद झालेले असतात.

आकडेमोड

जीएसटीवर मी बोलतो, दोनतीन सफाईवाल्यांची खाती माझ्याकडे आहेत.

खिडक्या-काचा सफाईचा एसएसी (जीएसटीतला सेवेचा कोड) ९९८५३२, इमारतीच्या बाहेरच्या सफाईचा ९९८५३७, दोन्हीला १८ टक्के. केंद्राच्या कंपनीच्या कामाला १८ टक्के लागणार, त्यात चर्चाच नको. महापालिकेच्या बाबतीत लोक जे म्हणतात ना लागत नाही, ते प्युअर सर्व्हिसच्या सवलतीवरून म्हणतात. सरकारला किंवा स्थानिक संस्थेला, घटनेच्या २४३डब्ल्यू मधल्या कामांशी संबंधित निव्वळ सेवा दिली तर माफी आहे. आता हॉस्पिटल चालवणं हे महापालिकेचं काम आहेच, पण हॉस्पिटलच्या इमारतीच्या काचा पुसणं त्यात येतं का यावर वाद होऊ शकतो. ऑफिसमधला क्लार्क 'आम्हाला जीएसटी नाही' म्हणाला तर मान हलवून यायचं नाही. त्यांच्याकडून लेखी घ्यायचं, आणि दर भरताना निविदेत दर करासहित मागितलाय की कर सोडून हे दोनदा वाचायचं. करासहित मागितला असेल आणि तुम्ही माफी धरून भरलं, नंतर डिपार्टमेंटची नोटीस आली, तर ते १८ टक्के अधिक व्याज तुमचंच. माफी धरली तर तुमच्या केमिकल आणि दोऱ्यांवरच्या जीएसटीचं क्रेडिट पण जातं, ते खर्चात धरा.

जेमवर भरलेली रक्कम सगळं धरून असते, जीएसटीसकट. नवीन माणूस हमखास करपूर्व आकडा टाकून बसतो. शिवाय ऑगस्ट २०२४ पासूनच्या रचनेत १० लाखांपर्यंतच्या ऑर्डरला जेमचा चार्ज नाही, १० लाखांच्या वर गेलं की ०.३० टक्के, तो विक्रेत्याकडून. छोटी रक्कम आहे पण धरून ठेवा.

कापाकापी अशी होईल. इन्कम टॅक्सचा टीडीएस, प्रोप्रायटर असाल तर १ टक्का, कंपनी किंवा पार्टनरशिप असेल तर २. करार अडीच लाखांच्या वर असेल तर जीएसटीचा टीडीएस २ टक्के. हे पैसे बुडत नाहीत, एक रिटर्नमध्ये मिळतो, दुसरा जीएसटीच्या कॅश लेजरमध्ये येतो, पण त्या महिन्यात हातात येत नाहीत हे खरं. परफॉर्मन्स गॅरंटी (काम नीट पूर्ण करण्याची हमी) निविदेत असेल तेवढी, तिच्यासाठी एफडी अडकते, आणि करार संपल्यावरही काही काळ ती सुटत नाही. उद्यम (छोट्या उद्योगांची) नोंदणी असेल तर केंद्राच्या खरेदीत बयाणा रकमेतून (निविदा भरताना ठेवायची अनामत) सूट मिळते, गॅरंटीतून मिळत नाही, लोक हे दोन्ही एक समजतात. महापालिकेच्या निविदेत सूट आहे की नाही ते तिथल्या अटीत बघा, गृहीत धरू नका.

आणि खरा मार इथे बसतो. समजा एका फेरीचं बिल १ लाख ८० हजार, त्यावर जीएसटी ३२,४००. इनव्हॉइस काढलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला ते ३२,४०० तुम्हाला भरायचे, ऑफिसने पैसे दिले असोत नसोत. बिल चार महिन्यांनी निघालं तर पगार, पीएफ, जीएसटी सगळं तुमच्या खिशातून चार महिने फिरतंय. सीसीचा (बँकेचं कॅश क्रेडिट) व्याजदर वर्षाला १२ टक्के धरा, चार महिन्यांचे ४ टक्के. तर तुमच्या त्या मित्राचे ४० टक्के चढवायची गरज नाही, उशीर हा व्याजाचा आयटम आहे, तो ४-५ टक्क्यांत बसतो. मात्र खिशात तेवढे महिने फिरवायला पैसे नसतील तर कितीही टक्के चढवून उपयोग नाही, काम मिळालंच तर पहिल्या दोन फेऱ्यांतच गळा आवळला जाईल.

४५ दिवसांचा कायदा आहे, एमएसएमईडी २००६. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे उशिरा दिले तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, त्यासाठी सरकारी पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करता येतो. उद्यम नोंदणी कामाच्या आधीची पाहिजे. पण करार चालू असताना कोणी क्लायंटवर असा अर्ज करत नाही हे तुम्हालाही माहितीय मलाही. रेट काढताना त्या व्याजावर भिस्त ठेवू नका.

दोरी_आणि_वायपर (नागपूर)

@आकडेमोड बरोबर. एक जोडतो. दोन वर्षांचा फिक्स रेट म्हणजे व्हीडीए चार वेळा वाढणार आणि तुमचा रेट जागेवर. निविदेत दरवाढीचं कलम आहे का पाहा. मनुष्यबळाच्या निविदांत वेतनवाढ ऑफिस देते, पण एकरकमी कामात बहुतेक नसतं. नसेल तर मजुरीवर सरासरी ४-५ टक्के आधीच चढवा.

आणि जेमवर मनुष्यबळाच्या बिडमध्ये (किती माणसं पाहिजेत ते ऑफिसच सांगतं, तुम्ही फक्त सर्व्हिस चार्ज भरता) कमीत कमी चार्ज ३.८५ टक्के ठेवलेला आहे. मग सगळेच तिथे येऊन बसतात, टाय होतो आणि सिस्टीमच एकाची निवड करते. तिथे आपल्या हिशोबाला काही अर्थ राहत नाही, लॉटरीचं तिकीट काढल्यासारखं. रोपच्या कामाचं अशा बिडमध्ये आलं तर मी भरतच नाही, ३.८५ मध्ये दोऱ्या सुद्धा बदलता येत नाहीत भाऊ.

बेलापूरचा_विजय

हॉस्पिटलचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय, आम्ही एक केलंय नवी मुंबईत. उंची कमी म्हणून सोपं वाटतं पण नाही. चार मजल्यांना रोप लावत बसण्यापेक्षा टेलिस्कोपिक पोल आणि आरओ-डीआय (क्षार काढलेल्या) पाण्याचा ब्रश घ्या, माणूस जमिनीवर उभा राहून काम करतो, उंचीवरची पॉलिसी, वरचा सुपरवायझर सगळं वाचतं, आणि शुद्ध पाणी असल्याने पुसायची गरज नाही, वाळलं की डाग नाही. पण आधी बघा की बाहेर ग्रिल आहे का, जुन्या इमारतीत लोखंडी ग्रिल असतंच आणि ग्रिलमधून ब्रश नीट फिरत नाही, मग ते काम आतूनच हात घालून करावं लागतं आणि पोलचा सगळा फायदा गेला. बूम लिफ्टचा विचार कराल तर आधी अॅम्ब्युलन्सचा रस्ता कुठून जातो ते बघा, आमच्याकडे दिवसातून कित्येकदा लिफ्ट बाजूला घ्यायला लागायची आणि भाडं तर तासावर चालू.

आतल्या वॉर्डात पेशंट असतात, ते हलवता येत नाहीत. सिस्टर सांगेल तेव्हाच आत जायचं, राउंड चालू असेल तर बाहेर थांबायचं, ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूच्या काचा वेगळ्या दिवशी वेगळ्या कपड्याने. म्हणजे आतल्या बाजूचं दिवसाचं काम ऑफिसपेक्षा जवळपास अर्ध्यावर येतं. हे निविदेत कुठेच लिहिलेलं नसतं, साइटवर जाऊन दोन तास उभं राहिलं की कळतं.

चौरस मीटरचं सांभाळा. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. फुटाचा साडेचार म्हणजे मीटरचा ४८ च्या पुढे. आमच्या इकडे एकाने फुटाचा आकडा मीटरच्या रकान्यात टाकला, L1 आला, मग माघार घेतली तर बयाणा जप्त. बयाण्यातून सूट असलेल्याने असं केलं तर थेट काळ्या यादीचा धोका.

पावसाळ्याचं पण लिहून घ्या. दर तीन महिन्यांची फेरी म्हटलं की एक फेरी जुलै-ऑगस्टमध्ये येते, तेव्हा वारा-पाऊस असला की रोपवर माणूस उतरवायचा नाही. फेरी पुढे ढकलता येईल आणि दंड लागणार नाही असं लेखी मागा, नाहीतर आठवड्याला अर्धा टक्का करत दंड चढत राहतो.

पिंपरीचा_काचवाला

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी सांगेल वाटलं नव्हतं. रात्री बसून पहिल्या कामाचा हिशोब नागपूरच्या भाऊंच्या पद्धतीने केला, बघा बरोबर आहे का.

बाहेरची काच साधारण १४,००० फूट, पुढची ९,००० आणि मागची ५,०००. पुढच्याला २१०० ने पाच दिवस, मागच्याला १२०० ने पाच दिवस, रोप लावणं-काढणं एक दिवस, ११ दिवस गुणिले ९००० म्हणजे ९९,०००. आतून दोन हेल्पर, दिवसाला तीन हजार फूट, पाच दिवस, सामान आणि नफा धरून १३,२००. एक फेरी १,१२,२००, दोन वर्षांत आठ फेऱ्या म्हणजे ८,९७,६००. वेतनवाढीचे चारेक टक्के चढवले तर ९ लाख ३५ हजारांच्या आसपास, जीएसटी धरून ११ लाख. माझ्या ५ रुपयांच्या रेटने मी भरणार होतो ५ लाख ६० हजार, आणि तेही जीएसटी विसरून!! अंदाजित रक्कम ९ लाख ९० हजार दाखवलीय.

निवृत्त_जेई

मांडणी बरोबर आहे. उशिराचं व्याज धरलेलं दिसत नाही, आकडेमोड यांनी सांगितलेले ४ टक्के. ते धरून साडेअकराला जाल, म्हणजे अंदाजापेक्षा १५-१६ टक्के वर. भरा, पण आधी साइट बघून या. मागच्या बाजूला दिवसाला १२०० फूट खरंच होतात का यावर तुमचा अख्खा आकडा उभा आहे. १००० च झाले तर तिथला खर्च किती वाढतो ते वेगळं काढून ठेवा. आणि अंदाजित रक्कम करासहित आहे का ते विचारा, नसेल तर तुम्ही अंदाजाच्या आतच आहात.

दोरी_आणि_वायपर (नागपूर)

पहिल्या फेरीचं वेगळं धरलं का? दोन रुपयेवाल्याने दोन वर्षं जशी ठेवली असेल तशी काच तुमच्या हातात येणार, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पक्के बसलेले असतील. ते नुसत्या आर-३ ने (काच पुसायचं लिक्विड) आणि वायपरने निघत नाहीत, डागाचं केमिकल आणि घासणं लागतं, पहिल्या फेरीला दीडपट दिवस धरा. आणि पोरांना सांगून ठेवा, कोणी अॅसिडची बाटली काढली तर तिथेच थांबवायचं. काचेचं काय व्हायचं ते होईल, खालच्या एसीपीचा आणि अॅल्युमिनियम फ्रेमचा रंग गेला तर आठ फेऱ्यांचे पैसे त्यातच जातील.

पिंपरीचा_काचवाला

पहिल्या फेरीचं धरलं नव्हतं भाऊ, म्हणजे आणखी पन्नासेक हजार. गुरुवारी साइटवर जातोय, गच्चीची किल्ली मिळेल असं म्हणालेत. हॉस्पिटलला राज्याचं किमान वेतन धरायचं ना? आणि तिथला खास भत्ता (राज्याचा व्हीडीए) जानेवारी-जुलैला बदलतो की एप्रिल-ऑक्टोबरला?

आकडेमोड

राज्याचंच. जानेवारी आणि जुलै. आदेश कामगार आयुक्तालयाच्या साइटवर मिळतो, महापालिकेचे परिमंडळ कोणतं ते पण त्यातच बघा, चुकीच्या परिमंडळाचा दर धरला तर कागद तपासताना अडकवतात.